वेंगुर्ला-७ चं कलम गुगलला का सापडत नव्हतं?

दापोलीजवळ माझ्या मित्राच्या आईची रोपवाटिका आहे. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची कलमं तिथे मिळतात. मे महिन्यात तिथे गेलो तेव्हा काकू मांडवात बसून पिशव्या भरून घेत होत्या, आणि बाजूला ठेवलेला फोन सारखा वाजत होता. कामातून डोकं वर काढून त्या म्हणाल्या, "वेबसाइट करून दोन वर्षं झाली रे. तिच्यावरनं एक गिऱ्हाईक आलेलं नाही. आमचं नाव टाकलं की दिसते ती. पण ज्याला नाव ठाऊक आहे तो सरळ फोनच करतो ना?"

काकूंनी एका वाक्यात सगळा प्रश्न मांडला होता. ज्याला तुमचं नाव माहीत नाही, पण तुमच्याकडची वस्तू हवी आहे, त्याला तुम्ही सापडता का? मी तिथेच फोनवर 'काजू कलम किंमत दापोली' असं शोधलं आणि बराच वेळ खाली सरकत राहिलो. काकूंची रोपवाटिका कुठेच नव्हती. वेबसाइट उघडली तर पहिल्या पानावर होतं: 'निसर्गाच्या सान्निध्यात, गुणवत्तेची आणि विश्वासाची हिरवी परंपरा. आमच्याकडे सर्व प्रकारची दर्जेदार रोपे माफक दरात मिळतील.' या मजकुरात काजू नाही, कलम नाही, दापोलीही नाही. दरपत्रक होतं, पण तो कागदाचा फोटो होता.

हल्ली गुगलमध्ये काही विचारलं की बऱ्याचदा वरच एआयने लिहिलेलं उत्तर येतं. त्यामुळे आता वेबसाइटसाठी लिहायचं तरी कशाला, असा प्रश्न छोट्या धंदेवाल्यांपासून शिक्षकांपर्यंत बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर पुढे देतोच. त्याआधी शोध नेमका चालतो कसा ते बघू, कारण तिथे गोंधळ असला की पुढचे सगळे सल्ले मंत्रतंत्रासारखे वाटायला लागतात.

गुगल तुमच्यासाठी जगभर धावत नाही

आपण शब्द टाकतो त्या क्षणी गुगल इंटरनेटवर शोधायला निघतं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नसतं. शोधाशोध आधीच होऊन गेलेली असते. गुगलचे प्रोग्रॅम दिवसरात्र एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात असतात. यांना क्रॉलर म्हणतात. नवीन बदलून आलेला पोस्टमन पायवाट धरून एका घरातून पुढच्या घरी जातो आणि हळूहळू त्याला अख्खी वाडी पाठ होते, तसंच हे. ज्या घराकडे पायवाटच जात नाही, म्हणजे ज्या पानाकडे कुठूनच लिंक नाही, ते घर त्याला सहसा कळतच नाही.

क्रॉलरने आणलेला मजकूर एका अवाढव्य सूचीत नोंदला जातो. जाड पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कुठल्या पानावर आहे याची सूची असते ना, तशी. आपला प्रश्न या सूचीला विचारला जातो, वेबला नाही. सूचीत ज्याची नोंद नाही, ते पान गुगलपुरतं जगात नाही.

तिसरं काम क्रम लावण्याचं. सर्जी ब्रिन आणि लॅरी पेज हे स्टॅनफर्डचे विद्यार्थी असताना त्यांची मूळ कल्पना ही होती की पानाची पत इतरांनी त्याला दिलेल्या लिंकवरून ठरवावी, आणि लिंक देणारा स्वतः किती पतदार आहे तेही मोजावं. गावात चांगला गवंडी कोण असं विचारल्यावर एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांनी एकच नाव घेतलं, आणि त्यातला एक जुना जाणता मिस्त्री असला, तर आपण त्याच गवंड्याला बोलावतो. १९९८ मध्ये गुगल कंपनी उभी राहिली ती या विचारावर. आज क्रम लावताना इतर असंख्य गोष्टी बघितल्या जातात, पण हा धागा तुटलेला नाही.

पान शोधात सापडावं म्हणून जी मांडामांड करतात, तिला या धंद्यात एसईओ म्हणतात. हा शब्द एकदा कळला की पुरे. पुढे मी सरळ 'लिहिणं' असंच म्हणणार आहे, कारण त्यातला मोठा भाग लिहिण्याचाच आहे.

आधी बघा, तुमची अक्षरं खरंच अक्षरं आहेत का

मराठी वेबसाइटचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपल्याला पडद्यावर 'काजू' दिसतं. यंत्राला मात्र त्या अक्षरांमागचे आकडे दिसतात. युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. पण डीटीपीच्या दुकानात वर्षानुवर्षं चालत आलेल्या जुन्या फॉन्टची रीत वेगळी. तिथे दिसायला 'क' असायचा, पण मागे क्रमांक एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा. कागदावर छापायचं असेल तोवर काहीच बिघडत नव्हतं. तोच मजकूर वेबसाइटवर किंवा पीडीएफमध्ये गेला की यंत्राला ती नुसती निरर्थक अक्षरांची रांग.

काकूंच्या साइटवर लागवडीची माहितीपुस्तिका पीडीएफमध्ये होती. त्यातली एक ओळ उचलून मी व्हॉट्सॲपमध्ये चिकटवली, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा काला झाला. 'हे आमच्या पुस्तकातलं आहे?' असं काकूंनी दोनदा विचारलं. हीच परीक्षा तुम्हीही करून बघा. आपल्या पानावरची ओळ उचला, दुसरीकडे चिकटवा. मराठीच उमटली तर ठीक. नाही उमटली तर तो मजकूर पुन्हा टाइप करण्यावाचून किंवा युनिकोडमध्ये बदलून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

फोटोतल्या मजकुराचंही तेच. चित्रातली अक्षरं ओळखणारं तंत्र आज आहे, पण त्याच्यावर विसंबून दरपत्रकाचा फोटो टाकू नये. दर अक्षरांत लिहा, खाली हवा तर फोटो ठेवा. आणि प्रत्येक चित्राला जोडून एक ओळ देता येते, तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. चित्रात काय आहे ते तिथे साधेपणाने लिहावं: 'वेंगुर्ला-७ काजूचं पिशवीतलं कलम'. शोधाला त्याची मदत होतेच, शिवाय दृष्टिहीन वाचकाचा फोन हीच ओळ त्याला वाचून दाखवतो. शोध बाजूला ठेवला तरी तेवढ्यासाठी ती लिहावीच.

एक बारीक गंमत आपल्याच भाषेतली. काकू ॲव्होकॅडोची रोपंही विकतात. हे 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतं: 'अ'वर चंद्र देऊन, किंवा 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर वापरून. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलंच २००८ साली. दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. कऱ्हाडमधल्या 'ऱ्ह'चीही हीच कथा. मोठी शोधयंत्रं असले भेद बऱ्यापैकी सांभाळून घेतात. तुमच्या साइटवरचा आतला शोध मात्र सांभाळेलच असं नाही. आपण एक पद्धत ठरवून सगळीकडे तीच वापरावी, एवढं आपल्या हातात आहे.

गिऱ्हाइकाचे शब्द गिऱ्हाइकाच्याच तोंडी असतात

फोनशेजारी काकूंची एक वही असते. फोन आला की त्यात गाव, नग आणि काय विचारलं ते लिहितात. मी ती वही मागून घेतली. त्यात होतं: 'काजूत लवकर धरणारी जात कुठली', 'एकरी किती कलमं बसतात', 'कलम कितीला', 'खड्डा केवढा मारायचा', 'गाडी देवगडपर्यंत येईल का'. माहितीपुस्तिकेत याच गोष्टी 'लागवड अंतर', 'मृदकाष्ठ कलम पद्धती', 'अभिवृद्धी' अशा नावांनी होत्या. दोन्ही मराठीच. पण फोनवर शोधणारा माणूस वहीतली मराठी टाइप करतो, पुस्तिकेतली नाही.

लोक कोणत्या शब्दांनी शोधतात हे सांगणारी महागडी साधनं बाजारात मिळतात. मोठ्या कंपन्यांना ती लागत असतील. छोट्या धंद्याला, शाळेला, दवाखान्याला अशी वही जास्त उपयोगी पडते असं माझं ठाम मत आहे. गल्ल्यावर, फोनवर, व्हॉट्सॲपवर आलेले ५० प्रश्न जसेच्या तसे लिहून ठेवा. भाषा सुधारू नका.

शास्त्रीय शब्द टाकूनच द्या असं मी म्हणत नाही. 'मृदकाष्ठ कलम' एकदा येऊ द्या, शेजारी ते म्हणजे काय (रोपाच्या कोवळ्या भागावर बांधलेलं कलम) ते सांगा, आणि पुढे 'कलम' म्हणा. कृषी पदवीधरालाही पान सापडलं पाहिजे.

मराठीत आणखी एक मेख आहे, आणि इंग्रजीतले सल्ले वाचून ती कधीच कळत नाही. आपला शब्द वाक्यात शिरला की रूप बदलतो. आंबा, पण आंब्याची, आंब्याला, आंब्यावर. एखाद्या लांबलचक लेखात 'आंबा' हा मूळ शब्द एकदाही आलेला नसतो, सगळीकडे 'आंब्या'. शोधणारा मात्र 'आंबा कलम' असं टाइप करतो, कारण शोधताना कोणी विभक्ती लावत बसत नाही. ही रूपं एकाच शब्दाची आहेत हे यंत्रांना आता बरंच कळतं, तरी शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात मूळ शब्द एकदा सहज येईल अशी वाक्यं रचावीत. काजूला हा त्रास नाही: काजू, काजूचं, काजूला.

रोमन लिपीत मराठी शोधणारेही भरपूर असतात. त्यांच्यासाठी मजकुरात रोमन शब्दांची भर घालू नये, वाचताना घाण दिसतं. पानाचा पत्ता रोमन लिपीत, छोटा आणि अर्थ कळेल असा ठेवला तरी चालतं. देवनागरी पत्ताही गुगल वाचतं. अडचण वेगळीच: तो उचलून कोणाला पाठवायला गेलं की अनेकदा टक्क्याच्या चिन्हांची माळ होते, एकट्या 'म'ची नऊ चिन्हं. असा पत्ता कोणी विश्वासाने उघडत नाही.

एक पान, एक प्रश्न, आणि उत्तर आधी

काकूंच्या 'आमची उत्पादने' या पानावर आंबा, काजू, नारळ, जायफळ, ॲव्होकॅडो सगळं एका दमात होतं. काजू शोधणाऱ्याला तिथे पाठवायचं तर यंत्राला ते काजूचं पान वाटणार कसं? आम्ही काजूला वेगळं पान दिलं. शीर्षक: 'काजूचं कलम कधी आणि कसं लावायचं: खड्डा, अंतर, जाती'. शोधाच्या निकालात निळ्या अक्षरांत बहुधा हेच शीर्षक दिसतं, म्हणून ते दुकानाच्या पाटीइतकं स्पष्ट हवं. आणि फार लांब नको, फोनवर अर्ध्यात तुटतं.

पहिला परिच्छेद असा झाला: 'काजूची कलमं पावसाळ्याच्या सुरुवातीला, जून-जुलैमध्ये लावतात. खड्डे त्याआधी, एप्रिल-मे मध्ये मारून ठेवायचे: २ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल. दोन कलमांत ७ मीटर अंतर ठेवलं तर एकरी ८० च्या आसपास कलमं बसतात.'

परंपरा, निसर्ग, सान्निध्य यातलं काही नाही. माणूस जे विचारत आला त्याचं उत्तर पहिल्या तीन वाक्यांत. मग मधल्या शीर्षकांखाली एकेक प्रश्न सविस्तर: वेंगुर्ला-४ घ्यावं की वेंगुर्ला-७, लावल्यावर जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी कधी काढायची, पहिल्या उन्हाळ्यात पाणी किती. वेंगुर्ला-७ ची बी मोठी, १० ग्रॅमच्या आसपास भरते. हेही तिथे लिहिलं, कारण काकूंना ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. दर अक्षरांत, खाली 'हे दर अमुक तारखेचे' अशी नोंद.

आणि लिंक. 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' यातून वाचकाला काही कळत नाही, यंत्रालाही नाही. 'वेंगुर्ला-७ च्या कलमांचे दर' असं लिहून त्यावर लिंक द्यावी.

शब्द जितक्या वेळा, तितकं वर?

हा समज फार चिवट आहे. 'काजू कलम दापोली, काजू कलम विक्री, उत्तम काजू कलम' असे परिच्छेद आजही लिहिले जातात. जुन्या काळी त्याने फरक पडायचा. पानाच्या पोटात लपवून शब्दांची यादी देण्याची सोयही होती. वेब शोधाचा क्रम लावताना ती यादी आपण बघत नाही, असं गुगलने २००९ मध्येच जाहीर करून टाकलं. २०११ च्या पांडा नावाच्या बदलाने पातळ, भरताड मजकुराची पानं खाली ढकलली. २०१९ पासून वापरात आलेलं बर्ट हे तंत्र वाक्यातल्या शब्दांचा एकमेकांशी संबंध लावून प्रश्नाचा अर्थ समजून घ्यायचा प्रयत्न करतं. मजकूर मोठ्याने वाचून बघा. काकू फोनवर असं बोलतील का? नसतील बोलत, तर तसं लिहू नका.

मग एआयकडून १०० लेख लिहून घेतले तर?

गुगलची जाहीर भूमिका अशी: मजकूर कोणी किंवा कशाने लिहिला यापेक्षा तो वाचकाच्या उपयोगाचा आहे का, हे महत्त्वाचं. पण निव्वळ शोधात वर येण्यासाठी घाऊक मजकूर पाडणं हा मार्च २०२४ पासून त्यांच्या नियमांत गैरप्रकार आहे, मग तो यंत्राने पाडलेला असो की माणसांनी.

मला यातली काळजी वेगळी वाटते. भाषांतरयंत्रातून आलेल्या एका लेखात मी मृदकाष्ठ कलमाला 'मऊ लाकडाचे प्रत्यारोपण' म्हटलेलं वाचलं आहे. ते वाचून एखाद्या शेतकऱ्याने काय समजावं? मराठीत चांगली पानं कमी असतील तर वाईट पानांना वर यायला मोकळं रान मिळतं, आणि त्याचा भुर्दंड खड्डे मारून बसलेला माणूस भरतो. काजूचं झाड चुकीचं लावलं हे कळायलाच काही वर्षं जातात.

पानांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठी गुगलची एक मार्गदर्शिका आहे. कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता या कसोट्यांच्या जोडीला डिसेंबर २०२२ मध्ये तिच्यात 'अनुभव' आला: लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का? या तपासनिसांचे गुण थेट तुमच्या पानाला लागत नाहीत, पण गुगलला कशाची चाड आहे ते त्यातून कळतं. काकूंकडे हा अनुभव ढीगभर आहे. आपल्या मातृवृक्षाशेजारी, म्हणजे ज्या झाडाच्या काड्या कलमासाठी घेतात त्याच्याशेजारी, उभं राहून काढलेला फोटो, कोणत्या वर्षी कोणती जात का बंद केली त्याची हकिगत, लिहिणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन. हे कुठलंही यंत्र त्यांच्या वतीने लिहू शकत नाही.

वरच उत्तर मिळतंय, तर आपल्याकडे येईल कोण?

एआयचा सारांश शोधाच्या वर दाखवायला गुगलने अमेरिकेत मे २०२४ मध्ये सुरुवात केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो भारतात आला. 'काजूचा खड्डा केवढा' एवढंच ज्याला हवं आहे, तो सारांश वाचून निघून जाईल. हे नुकसान खरं आहे, आणि केवळ जाहिरातींवर चालणाऱ्या साइटना ते जास्त झोंबणार.

पण तो सारांशही कोणाच्या तरी पानांवरूनच तयार होतो, आणि आधारासाठी काही पानांच्या लिंक सोबत देतो. जे पान सूचीतच नाही ते तिथेही नसणार. शिवाय कलमं शेवटी कोणाकडून तरी घ्यावीच लागतात. आज किती शिल्लक आहेत, दर काय, गाडी कुठवर येईल, ही उत्तरं फक्त काकूंकडे आहेत. नकाशावर दुकानाची फुकट नोंद करता येते, तीही करून टाकावी. जवळचं काही शोधणाऱ्याला अनेकदा तीच आधी दिसते.

'पहिल्या नंबरवर आणून देतो' म्हणणाऱ्याचं काय?

पैसे देऊन जाहिरात वर आणता येते, तिच्यावर तसं लिहिलेलंही असतं. त्याखालचे निकाल विकत मिळत नाहीत. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतः सांगतं. काकूंना अशी हमी देऊन एकाने वर्षाचे पैसे आगाऊ नेले होते आणि त्या बदल्यात परगावच्या, परभाषेच्या कसल्या कसल्या साइटवरून लिंक आणून लावल्या होत्या. गवंड्याचं उदाहरण आठवा. त्याने स्वतःच पैसे देऊन बोलायला उभ्या केलेल्या ४० अनोळखी माणसांच्या शिफारशीला आपण किती किंमत देऊ?

आपलं पान कुठे आहे हे स्वतः बघता येतं. गुगलचं सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे. आपली कोणती पानं सूचीत आहेत, कोणते शब्द टाकल्यावर ती दिसली आणि किती जणांनी उघडली, हे त्यात कळतं. पान फोनवर पटकन उघडलं पाहिजे हेही बघा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गुगलचं माप आहे, आणि डोंगराआडच्या वाडीत रेंज किती असते ते काकूंना वेगळं सांगायला नको होतं. जड फोटो आम्ही लहान करून टाकले.

काजूचं पान गणपतीनंतर सूचीत आलं. दिवाळीच्या सुमारास चंदगडकडून एक फोन आला. त्या माणसाने काकूंचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, 'एकरी किती काजू बसतात' असं शोधून तो आला होता. त्याची कलमं दुसरीकडची, आणि प्रश्न वेगळाच: जोडाच्या खालून जोरदार फुटवा आलाय, ठेवू का? काकू म्हणाल्या, "नको हो, तो खालच्या खुंटाचा फुटवा. तो वाढला तर वरचं कलम मरेल. आजच खुडा." मग फोन ठेवून त्यांनी वही ओढली आणि त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून घेतला.